'वाय'वाला ब्रायान

आमच्याकडे नाव आधीपासून तयार होतं. लग्नानंतर एकदोन वर्षांतच ठरलेलं, दोन अक्षरी, मुलगा होवो की मुलगी, दोघांना चालणारं. पुढे उपचार झाले, ते थांबवले, मग दत्तक घ्यायचं ठरलं, कुठल्या देशातून आणि कुठल्या संस्थेमार्फत यात आणखी बरीच वर्षं गेली. नाव मात्र तसंच. घरातल्या मागच्या खोलीला आम्ही त्याच नावाने ओळखायचो. 'इस्त्रीचं टेबल कुठंय?' 'अमक्याच्या खोलीत.' ते नाव काय होतं ते इथे लिहीत नाही. ज्याचं व्हायचं होतं त्याचं ते झालं नाही, आता उगाच चारचौघांत कशाला.

कोलंबियातून फाइल आली तेव्हा पहिल्या पानावर सगळ्यात वर मुलाचं नाव होतं: ब्रायान एस्तिवेन. वय सात.

आम्ही दोघंही मराठी, राहतो अमेरिकेत. मी इथली नागरिक झालेय, नवरा अजून भारतीय पासपोर्टवर. एका देशातून दुसऱ्या देशात मूल दत्तक घेण्याबाबतच्या १९९३ च्या हेग करारात कोलंबिया १९९८ पासून आहे, अमेरिका २००८ पासून. कोलंबियात या सगळ्याचा मुख्य कारभार आयसीबीएफ या सरकारी संस्थेकडे असतो. १९६८ साली सुरू झालेली ही बालकल्याण संस्था, पण तिचं पूर्ण नाव तिकडे कोणी घेत नाही, नुसतं 'ब्येनेस्तार' म्हणतात. परदेशी अर्जदारांना तिथून बहुतेक मोठी मुलं, भावंडं किंवा एखादं दुखणं घेऊन आलेली मुलं मिळतात. आम्ही 'आठ वर्षांपर्यंत' असं लिहून दिलं होतं. म्हणजे येणारं मूल स्वतःचं नाव घेऊन येणार, त्या नावाला ओ देणारं असणार, हे आम्हीच सही करून मान्य केलं होतं. खोलीचं नाव मात्र दोघांपैकी कोणी बदललं नव्हतं.

आणि नाव काय, तर ब्रायान. खरं सांगायचं तर आम्ही सांतियागो, मातेओ असं काहीतरी धरून चाललो होतो. "एवढं कोलंबियापर्यंत जायचं आणि ब्रायन आणायचा?" नवरा म्हणाला.

नंतर कळलं की यात नवल काहीच नाही. ब्रायान, येइसन, माइकोल, लेइदी ही तिथली अगदी रोजची नावं आहेत. इंग्रजी सिनेमा-टीव्हीतून कानावर पडलेलं नाव आईबापांनी स्पॅनिशच्या नियमाने, जसं ऐकू येतं तसं लिहिलं. म्हणून बी-आर-आय-ए-एन नाही, बी-आर-ए-वाय-ए-एन. स्टीव्हनचं एस्तिवेन झालं, कारण शब्दाच्या सुरुवातीला 'स्त' म्हणायचं तर स्पॅनिश जिभेला आधी 'ए' लागतो. पैसेवाल्या घरांत ही नावं ठेवत नाहीत. उलट त्यांच्यावर विनोद होतात, 'ब्रायान' म्हटलं की वस्तीतला उनाड पोरगा, असं चित्र ठरलेलं. आमच्या ओळखीच्या एका कोलंबियन बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "नाव बदलता येतं हं. छानसं काहीतरी ठेवा." त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, पण मला ते लागलं. गंमत म्हणजे त्या क्षणापासून ते नाव मला जवळचं वाटायला लागलं.

हेग करारातून मूल आणायचं तर अमेरिकेच्या नियमांप्रमाणे पालकांना किमान १० तासांचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. त्यात एक भाग नावाचा होता. शिकवणाऱ्या बाईंचं म्हणणं साधं होतं: नाव ही मुलाने सोबत आणलेली संस्कृती, ती काढून घेऊ नका. वर्गातल्या एकाने सांगितलं की त्यांनी मुलीचं नाव मधलं नाव म्हणून ठेवलंय. सगळ्यांनी माना डोलावल्या. आमची पाळी आली तेव्हा नवरा म्हणाला, "आमच्या मुलाने सोबत आणलेली संस्कृती इथूनच तिकडे गेलीय." बाई हसल्या, पण पुढे काय बोलावं ते त्यांनाही सुचेना. मधल्या नावाची ती तडजोड मला तेव्हाही पटली नव्हती. मधलं नाव म्हणजे फॉर्मवरचा एक रकाना, त्या नावाने कोणी हाक मारत नाही.

मग मी कायदा वाचायला घेतला. स्पॅनिश अर्धवट येतं, पण कायद्याची वाक्यं निदान बेसावध नसतात. २००६ सालचा, १०९८ क्रमांकाचा, मुलांविषयीचा कायदा. त्यातलं ६४ वं कलम म्हणतं की दत्तक मुलाला आडनावं दत्तक आईबापांची लागतील. पहिलं नाव मात्र तीनच परिस्थितींत बदलता येतं: मूल तीन वर्षांच्या आतलं असेल, किंवा त्याची संमती असेल, किंवा बदलायची कारणं न्यायाधीशांना योग्य वाटली तर. आमचा मुलगा सात वर्षांचा, म्हणजे त्याला विचारावंच लागणार. इथपर्यंत ठीक होतं.

मी अडकले ती पुढच्या एका तरतुदीपाशी. न्यायालयाचा निकाल लागला की नवी जन्मनोंद होते, ती मूळ नोंदीची जागा घेते आणि मूळ नोंद रद्द होते. मी कागद घेऊन दोन रकाने केले, जुनं आणि नवं. जन्मतारीख दोन्हीकडे तीच. जन्मगाव तेच. आईचं नाव: तिकडे तिचं, इकडे माझं. बापाचं तसंच. दोन आडनावं तिकडची, दोन इकडची. जन्म दिलेल्या बाईने केलेलं असं त्या नव्या कागदावर काय उरणार, तर ते दोन शब्द. ब्रायान आणि एस्तिवेन. तेही आम्ही खोडायचे का? मी तो कागद नवऱ्यासमोर ठेवला. त्याने बघितला, घडी घातली, खिशात ठेवला. त्या रात्री तो विषय झाला नाही.

त्याचं म्हणणं वेगळं होतं आणि ते चूकही नव्हतं. "ब्रायान राहू दे," तो म्हणायचा, "एस्तिवेन काढू आणि तिथे आपलं नाव घालू. आपल्याकडून त्याला काहीच द्यायचं नाही का? आडनाव तर काय, कायद्यानेच चिकटतंय."

याच दिवसांत मी संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारापर्यंत पोचले. (अमेरिकेने त्यावर १९९५ मध्ये सही केली, पण मान्यता आजवर दिलेली नाही. कोलंबियाने १९९१ मध्येच दिली.) त्याचं ७ वं कलम मुलाला जन्मल्याबरोबर नावाचा हक्क देतं, ८ वं कलम ते नाव आणि नाती जपण्याचा. हे ८ वं कलम आलं ते अर्जेंटिनाच्या आग्रहामुळे. १९७६ ते १९८३ या लष्करी राजवटीत तिथे पकडून नेलेल्या बायका कैदेत बाळंत झाल्या, त्यांची बाळं नावं बदलून भलत्यांच्या घरी दिली गेली आणि त्यांच्या आज्या ती अजून शोधताहेत. त्या आज्यांच्या संघटनेच्या अध्यक्षा एस्तेला दे कार्लोत्तो. त्यांचा स्वतःचा नातू २०१४ साली सापडला, वयाच्या ३६ व्या वर्षी. आईने त्याचं नाव गीदो ठेवलं होतं. वाढला तो इग्नासियो म्हणून, संगीतकार झाला. खरं काय ते कळल्यावर त्याने आडनावं आपल्या खऱ्या आईबापांची घेतली आणि नाव इग्नासियोच ठेवलं.

मी हे नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "बघ, आईने दिलेलं नाव त्याने नाही घेतलं. लोकांना वाढवणाऱ्यांचं नावही आपलं वाटतं." मी म्हटलं, "अरे, पण ठरवलं त्याने. छत्तिसाव्या वर्षी, स्वतः." एकाच माणसाच्या गोष्टीतून दोघांनी आपापल्या सोयीचं तेवढं उचललं. आमच्या मुलाची गोष्ट तशी नव्हती, त्याचा निर्णय रीतसर कायद्याने झाला होता. तरी नाव कोणी कोणाचं बदलायचं, हा प्रश्न मला तिथूनच नीट कळला.

घरच्यांना कळवलं तेव्हा बाबा फोनवर एकदम खूश. "ब्रायन? लारासारखा? वा!" पुढची दहा मिनिटं ते लाराच्या नाबाद ४०० वर बोलले. आई म्हणाली, "मला म्हणता येतंय ना? मग झालं तर." एका मावशीने तेवढं विचारलं, "घरी आणल्यावर बदलालच ना गं?" मी म्हटलं, "मावशी, तुला सातव्या वर्षी कोणी दुसऱ्या नावाने हाक मारायला लागलं असतं तर?" ती म्हणाली, "मला लग्नात बदललंच की." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

बोगोताला पोचलो. पहिली भेट ब्येनेस्तारच्या कार्यालयात झाली. आम्ही पाठवलेला फोटोंचा अल्बम त्याच्या काखेत होता, कोपरे दुमडलेला. मानसतज्ज्ञ बाईंनी त्याची आधी बरीच तयारी करून घेतली होती. आल्या आल्या तो आम्हाला 'मामा', 'पापा' म्हणाला, आणि हे असं होणार, त्याने फार हुरळू नका, हेही बाईंनी आम्हाला बजावून ठेवलं होतं. त्या दिवसाबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखं आहे, पण ते त्याचंही आहे, म्हणून सोडते.

त्यानंतर एकत्र राहण्याचे दिवस असतात. तेवढ्यात कसं जमतंय ते बघायला बाई येतात, त्यांचा अनुकूल अहवाल गेला की मग वकील कुटुंब न्यायालयात अर्ज घालतो. अर्जात मुलाचं पूर्ण नाव लिहावं लागतं, म्हणजे नाव ठरवायला मुदत इथपर्यंतच. एका भेटीत बाईंनी ब्रायानला समोर बसवून विचारलं, "तुझी आडनावं आता होसी बाइद्या होणार, माहितेय ना?" जोशी आणि वैद्य. जे चा ह, व्ही चा ब. त्याने मान हलवली. "आणि नाव काय हवं?"

क्षणाचाही विचार न करता तो म्हणाला, "हामेस."

आम्ही दोघं हसलो. तो हसला नाही.

हामेस म्हणजे जेम्स, हामेस रोद्रिगेस. २०१४ च्या फुटबॉल विश्वचषकात सहा गोल करून सोन्याचा बूट मिळवणारा. आमच्या चिरंजिवांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता, पण कोणाची तरी उतरलेली पिवळी जर्सी त्याच्याकडे होती, पाठीवर दहा आकडा, अर्धा उडालेला. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मुलाला विचारायचं, मुलाचं ऐकायचं, असं मीच वर्षभर म्हणत आले होते. घ्या. विचारलं, आणि त्याने सांगितलं.

बाईंनी नाही म्हटलं नाही, होही म्हटलं नाही. त्यांनी विचारलं, "मग ब्रायानचं काय?"

"तो तिथेच आहे," आमचा म्हणाला.

हे काही आम्हाला उमगेना. मग हळूहळू त्यांनी काढून घेतलं. तो ज्या घरी राहत होता, म्हणजे तिकडे ज्यांना 'माद्रे सुस्तितुता' म्हणतात त्या सांभाळणाऱ्या बाईंकडे, तिथे आणखी एक ब्रायान होता. वयाने मोठा. त्यामुळे तो 'ब्रायान ग्रांदे' आणि हा 'ब्रायान पेकेन्यो', थोरला आणि धाकटा. मग मला त्याच्या पिशवीतले कपडे आठवले. प्रत्येक कॉलरच्या आत मार्करने 'ब्रायान पी' लिहिलेलं होतं, दात घासायच्या पेल्यावरसुद्धा. तो पी आडनावाचा असेल असं मी धरून चालले होते, पण आडनाव तर वेगळ्याच अक्षराने सुरू व्हायचं. पेल्यावरचा पी कोणीतरी नखाने खरवडलेला होता. नाव शाबूत, तेवढं एक अक्षर पांढरं पडलेलं.

"आमच्या घरी ब्रायान किती आहेत?" नवऱ्याने त्याला विचारलं. त्याने आमच्याकडे आळीपाळीने बघितलं. "एकही नाही," नवराच म्हणाला. "आणि शाळेत?" हे त्याचं. तिथे असतील, मी म्हटलं, पण ते असं लिहितात. नवऱ्याने कागदावर मोठ्या अक्षरांत आयवालं नाव लिहिलं, खाली वायवालं. त्याने वरचं वाचलं, स्पॅनिशमध्ये जसं वाचायला हवं तसं: "ब्रियान." आणि खो खो हसत सुटला. हे कसलं नाव! यात वाय कुठंय? दोनतीनदा "ब्रियान, ब्रियान" करून त्याने बाईंनाही दाखवलं. हामेसचा विषय तिथेच मागे पडला. कोणी सोडवला नाही, आपोआप सुटला.

हसणं थांबल्यावर नवऱ्याने त्याच कागदावर तिसरी ओळ लिहिली. आमच्या खोलीचं नाव. मला कल्पना नव्हती तो हे करेल. ब्रायानने ते एकेक अक्षर जोडून वाचलं, बऱ्यापैकी बरोबर वाचलं, आणि अगदी शहाण्यासारखं विचारलं, "हे कोण?"

"कोणी नाही," नवरा म्हणाला, आणि पेनाने ती ओळ खोडून टाकली. एस्तिवेन काढायचं त्याने पुन्हा कधी म्हटलं नाही.

एस्तिवेनबद्दल खुद्द मालकाचं मत मात्र फारसं चांगलं नव्हतं. ते कशासाठी, तर सांभाळणाऱ्या सेन्योरा चिडल्या की. एरवी नुसतं ब्रायान, आणि दूध सांडलं, भांडण झालं की "ब्रायान एस्तिवेन!" ठेवायचं का, असं बाईंनी विचारल्यावर त्याने खांदे उडवले. "ते माझंच आहे ना," म्हणाला. संमतीच्या कागदावर हे कसं लिहिलं असेल कोण जाणे.

आडनावांचा प्रश्न मला सोपा वाटला होता, पण वकिलाने विचारलं, "कोणतं आधी?" कोलंबियात प्रत्येकाला दोन आडनावं, एक बापाकडून, एक आईकडून. पूर्वी बापाचं आधी असा दंडक होता. २०२१ च्या २१२९ क्रमांकाच्या कायद्याने तो गेला आणि क्रम आईबापांनी आपसात ठरवायचा असं झालं. मी लग्नानंतर आडनाव बदललं नाही, वैद्यच राहिले. तरी माझं आडनाव माझ्या मुलाला लागू शकतं हे कोणी मला कधी सांगितलं नव्हतं, मग आधी की नंतर हे विचारणं दूरच. आईचा प्रश्न वेगळाच: "अगं, मग मधे बापाचं नाव कुठे बसणार?" कुठेच नाही. त्या नोंदीत त्याला जागाच नाही.

तोडगा नवऱ्याने काढला. कोलंबियात माणसाला पहिल्या आडनावाने ओळखतात, सेन्योर अमुक म्हणतात ते पहिलं. अमेरिकेत जे शेवटी असेल ते आडनाव, त्याच्या आधीचं सगळं नावात जमा. "जोशी आधी, वैद्य शेवटी. तिकडे तो माझा, इकडे तुझा." वकिलाला यात एवढं हसण्यासारखं काय ते कळलं नाही.

पुढचं काम सगळं अक्षरांचं. निकाल कायद्याप्रमाणे दहा कामकाजी दिवसांत यायला हवा. तो आला, आम्ही सह्या केल्या आणि नोटरीच्या कार्यालयात नवी जन्मनोंद करायला गेलो. परदेशातून दत्तक घेणाऱ्या कोणालाही मी एकच सांगेन: या टेबलापाशी घाई करू नका. या नोंदीवरून पासपोर्ट निघतो, पासपोर्टवरून अमेरिकेचा व्हिसा, आणि तो व्हिसा घेऊन मूल देशात शिरलं की २००० सालच्या कायद्याने त्याच क्षणी नागरिक होतं. मग त्याच नावाने नागरिकत्वाचा दाखला पोस्टाने घरी येतो. इथे सुटलेलं एक अक्षर तिथपर्यंत जातं. टंकलेखन करणारा माणूस शांत होता. जोशी झालं. वैद्यपाशी तो थांबला आणि त्याने विचारलं, "बे ग्रांदे की वे पेकेन्या?" स्पॅनिशमध्ये बी आणि व्ही चा उच्चार एकच, म्हणून मोठा ब की छोटा ब असं विचारतात. मी म्हटलं, पेकेन्या. माझ्या शेजारून आवाज आला, "पेकेन्या?" आणि मला जी नजर मिळाली ती अजून आठवते. एवढं सगळं करून पुन्हा 'छोटा' मागे लागलाच.

बोगोतात असतानाच आणखी एक केलं. त्याला त्याचं नाव, त्याच्या वस्तीचं नाव, सांभाळणाऱ्या सेन्योरांचं आणि शाळेतल्या मित्रांची नावं त्याच्याच तोंडून म्हणायला लावून फोनवर रेकॉर्ड केली, आणि सेन्योरांकडून ती कागदावर लिहूनही घेतली. खांडव्याचा शेरू लहानपणी हरवला, ऑस्ट्रेलियात टास्मानियातल्या घरी दत्तक गेला आणि 'सरू' म्हणून वाढला. स्वतःचं नाव आपण चुकीचं म्हणत होतो हे त्याला थेट मोठेपणी कळलं. घराजवळच्या वस्तीचं नावही त्याच्या तोंडात असं बदललं होतं की नकाशात शोधून ते सापडेना. ही गोष्ट माझ्या डोक्यात पक्की बसली होती. आमचा सात वर्षांचा होता, त्याला वाचता येत होतं. तरी पोरं विसरतात. इथे आल्यावर वर्षभरातच त्याचा स्पॅनिश 'र' मऊ पडायला लागला.

अमेरिकेत वायची लढाई आम्हाला वाटली त्याहून रोजची निघाली. लोकांना ते नाव परकं वाटत नाही, चुकलेलं वाटतं. सांतियागो असता तर दोनदा विचारून लिहून घेतलं असतं. ब्रायान दिसलं की समोरचा माणूस मनापासून मदत करतो आणि आय घालतो. एका दवाखान्यात कोणीतरी असंच सुधारून ठेवलं. औषधांच्या दुकानात खरं नाव, विम्याकडे दोन्ही, आणि तीन आठवडे त्याच्या इनहेलरचे पैसे अडकले. तेव्हापासून मी कुठलाही फॉर्म दिला की काउंटरवरच सांगते, वाय आहे, चूक नाही. तो स्वतः तर त्याही पुढे गेलाय. शाळेत पहिल्या दिवशी बाईंनी "ब्रायन?" म्हटल्यावर त्याने हात वर करून "विथ वाय" एवढंच सांगितलं. त्याच्या येणाऱ्या इंग्रजीत तेव्हा याहून फार काही नव्हतं. वर्गात आयवाले दोन होते. शिक्षिकेने त्यांना आडनावाच्या अक्षराने वेगळं केलं, ब्रायन सी, ब्रायन एम. आमच्याला कुठलंच अक्षर लावावं लागलं नाही. हे त्याने घरी येऊन जेवताना तीनदा सांगितलं.

हाक मारायच्या नावांचं म्हणाल तर ती भराभर वाढली. बाबा त्याला लारा म्हणतात आणि तोही ओ देतो, लारा कोण हे एकदा व्हिडिओवर बघून झाल्यावर तर जास्तच. आईने दुसऱ्या-तिसऱ्या कॉललाच "ब्रायन्या" सुरू केलं. आणि मी? एकदा शाळेबाहेर चेंडूमागे तो थेट रस्त्यावर धावला, आणि माझ्या तोंडून कधी नव्हे ते पूर्ण निघालं, "ब्रायान एस्तिवेन!" जागच्या जागी थांबला. ते नाव काढून तिथे आमचं दोन अक्षरी गोड नाव घातलं असतं, तर त्या दिवशी मी काय ओरडले असते देव जाणे. त्या नावाने कोणी दचकणं शक्यच नव्हतं.

मागच्या खोलीला आता ब्रायानची खोली म्हणतो. इस्त्रीचं टेबल अजून तिथेच आहे.

अलीकडे त्याला पुन्हा हामेसची आठवण झाली, टीव्हीवर सामना चालू होता. अठरा वर्षांचा झालास की तुझं नाव तुला स्वतः बदलता येईल, कोर्टात अर्ज करायचा, असं नवऱ्याने त्याला सांगून टाकलं. तो जाहिरात लागेपर्यंत विचार करत होता.

"अर्जाला पैसे लागतात?"

"लागतात."

"ते कोण भरणार?"

"तू."

"मग राहू दे."